एकाचं नाही

त्याला सरळ रेघ मारता येत नव्हती. पट्टी धरूनसुद्धा नाही. अंगठा मध्ये यायचा आणि रेघ त्या अंगठ्याला वळसा घालून पुढे जायची. हे मी खात्रीनं सांगतो, कारण नालासोपारा पश्चिमेच्या एका फ्लेक्सच्या दुकानात आम्ही अकरा वर्षं शेजारी शेजारी बसलो. मी आर्टिस्ट, तो टायपिंगला. मी चित्रकलेचा रीतसर डिप्लोमा घेतलेला. तो बारावी झालेला, आणि टायपिंगसुद्धा दोनच बोटांनी करायचा.

आज त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं आहेत आणि मी त्याच दुकानात त्याच खुर्चीवर आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मला त्याचा हेवा वाटायचा असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला बोला? अजून वाटतो.

तो वसईजवळच्या गास गावचा. घरची शेती, थोडी केळी, बाकी भाजी. रोज सकाळी येताना वाडीतलं काहीतरी घेऊन यायचा, कधी मुळ्याची जुडी, कधी चार काकड्या, आणि दिवसातलं जे पहिलं गिऱ्हाईक येईल त्याच्या हातात द्यायचा. एकदा हप्तेवसुलीची नोटीस घेऊन बँकेचा माणूस आला, तर त्यालाही दुधी मिळाला. मालक कपाळाला हात लावून बसले. चपला तो दुकानाच्या बाहेर काढायचा. "पाय गार असले ना, की डोकं बरोबर चालतं," असं म्हणायचा. भर पावसात चिखल तुडवत आलेल्या गिऱ्हाइकांच्या पायांमधून हा अनवाणी फिरायचा आणि रोज कुणीतरी त्याच्या पायावर पाय द्यायचं.

सगळ्यांत वाईट खोड म्हणजे चौकशी. कुणी वाढदिवसाचा बॅनर करायला आला, की मी विचारायचो, साइज काय? हा विचारायचा, "तुमच्या भावाला राग आला की तो काय करतो? जेवन टाकतो की बोलनं टाकतो?" गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, बॅनर पाहिजे, दहा बाय आठ. तरी हा विचारायचाच. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागायचे. मालक मला म्हणायचे, "तू आहेस म्हणून दुकान चालतंय." मी मान डोलवायचो. तेव्हा ते खरंही होतं. गिऱ्हाइकाचा चेहरा दोन छटा गोरा करायचा, मागे सूर्याची किरणं सोडायची, गालावरचे खड्डे पुसायचे, हे काम वसईपासून विरारपर्यंत माझ्याइतकं सफाईदार कुणी करत नसे.

मग ते एआय आलं. आणि हे इथं नोंदवून ठेवतो, की ते आमच्या दुकानात पहिल्यांदा मी वापरलं. त्यानं नाही. मी लिहिलं, 'सुंदर भारतीय स्त्री, हातात दिवा.' यंत्रानं कॅलेंडरवरची बाई काढून दिली, दिव्यासकट. मी म्हटलं, हे काय, हे तर मी डोळे मिटून काढतो. स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली आणि कामाला लागलो. माझ्या आयुष्यातली ती दहा मिनिटं मला परत मिळाली तर बरं होईल.

त्यानं दोनशे पानी वही आणली. यंत्राला काय सांगायचं ते आधी वहीत लिहायचा, पेननं, खोडून, पुन्हा लिहून. मग दोन बोटांनी टाइप करायचा आणि टाइप करता करता यंत्राशी तोंडानं बोलायचा, घरच्या बोलीत. यंत्राला तो पाहुना म्हणायचा.

"आर्टिस्ट, पाहुना हुशार आहे. जगातली सगळी घरं बघून आलाय," तो मला सांगायचा. "पन आपल्या घरात पानी कुठे ठेवलंय ते त्याला कोन सांगनार? आपनच ना? आपन सांगत नाही आनि मंग म्हनतो, पाहुना येडा आहे."

हे तो मलाच उद्देशून म्हणायचा की काय, ते मला कधी कळलं नाही. मला लागायचं खरं.

पहिला धमाका सांडोर गावातल्या एका लग्नात झाला. पत्रिकेऐवजी त्यानं दोन मिनिटांची फिल्म केली. नवरा-नवरी, त्यांची गल्ली, केळीच्या बागा, आणि नवऱ्याच्या आजीनं गुणगुणलेलं लग्नातलं गाणं, त्यावर यंत्राकडून बसवून घेतलेला बँड. आजीचा आवाज फुटका होता. मी म्हटलं, यंत्राला सांग, आवाज गोड करेल. तो म्हणाला, "गोड केला तर ती आजी कशी राहील?" ती फिल्म गावभर फिरली. पुढच्या महिन्यात आमच्या दुकानासमोर गाड्या उभ्या राहायला लागल्या, आणि कुणीही माझं नाव घेऊन आत येत नव्हतं.

नंतर गणपती मंडळं आली, मग विरारच्या चंदनसार भागातला एक बिल्डर आला. त्याला नेहमीसारखी जाहिरात पाहिजे होती, उंच इमारत, निळा तलाव, टाय लावलेला बाप. यानं बिल्डरला तासभर बसवून विचारलं, इथं राहायला येणार कोण? आणि फिल्म काय केली? एक बाई कामावरून घरी येते, पर्स ठेवते, नळ सोडते. नळाला पाणी येतं. ती बादली आणायला धावत नाही. टँकरला फोन करत नाही. नुसती हात धुते आणि खिडकीत उभी राहते. एवढंच. आमच्या भागात ती फिल्म बघून बायका रडल्या म्हणतात. फ्लॅट भराभर गेले. त्या इमारतीत खरंच पाणी येतं का, हे मला फार विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही. येत असतं तर?

तो दुकान सोडून चंदनसारला गाळा घेऊन बसला. वर्षभरात वरचा मजला घेतला. इथल्या एका कॉलेजनं त्याला भाषणाला बोलावलं, मी तिसऱ्या रांगेत होतो. व्यासपीठावर जाताना त्यानं चपला पायऱ्यांपाशी काढल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या, जणू तेही त्यानं शोधून काढलेलं काही तंत्रज्ञान होतं.

माझ्याकडे एकच हत्यार उरलं होतं. बोटं. यंत्राला तेव्हा हात नीट जमायचे नाहीत. त्याचं कुठलंही काम दिसलं, की मी आधी बोटं मोजायचो. रस्त्यात स्कूटर थांबवून बॅनरवरची बोटं मोजली आहेत मी. आणि एके दिवशी सापडलं. एका नगरसेवकाच्या बॅनरवर, नमस्काराच्या हाताला, सहावं बोट. मी फोटो काढला, बोटाभोवती लाल गोल केला आणि आर्टिस्ट लोकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हात जोडून नाही, वाढवून विनंती.' दिवसभर लोक हसत होते. इतकं चांगलं जेवण मला कित्येक महिन्यांत गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. हातात पडवळ. मला वाटलं, आता भांडणार. मी उत्तरंही तयार ठेवली होती.

"आर्टिस्ट, माझ्याकडच्या सोळा पोरांनी बघितलं, कोनाला दिसलं नाही. तुमाला दिसलं," तो म्हणाला. "आता यापुढे माझं काम तुमी बघितल्याशिवाय बाहेर जानार नाही. नजर ती नजर."

तेव्हापासून त्याची चित्रं छापायला जाण्याआधी माझ्या फोनवर येऊ लागली. त्याचे पैसे तो न चुकता द्यायचा. चिडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्या माणसानं. मी चित्रं बघायचो, बोटं मोजायचो, 'ठीक' असं कळवायचो, आणि तो रोज थोडा थोडा माझ्या नजरेवर मोठा होत गेला.

या सगळ्यात त्याचं खरं वेड वेगळंच होतं. मेलेल्या माणसांचे फोटो. ज्यांचा फोटोच कधी काढला गेला नाही, किंवा होता तो गेला, अशी माणसं. पोरांना तो जाहिराती करायला लावायचा आणि रविवारी स्वतः हे काम करायचा. घरच्यांना बोलवायचा, स्टुलावर बसवायचा, स्क्रीन दिसू द्यायचा नाही. नाक कसं, डोळे कसे, असं कधीच विचारायचा नाही. "चेहरा विचारला की मानसं खोटं बोलतात," म्हणायचा. "हात विचारायचे." हाक मारली की तुमच्या आई आधी मान वळवायच्या की आधी 'काय गं' म्हणायच्या? भाकरी थापताना कुठे बघायच्या? डास चावला तर मारायच्या की नुसता हाकलायच्या? आणि कुणी 'फार सुंदर होती हो' असं म्हणालं, की वही मिटायचा. "आज दमलात तुमी. पुढच्या रविवारी या." गोरं करून पाहिजे असेल, तर सरळ माझा पत्ता द्यायचा.

त्याचा एक नियम होता, आणि त्यावर तो कुणाचं ऐकत नसे. सुरुवातीला त्यानं एका कुटुंबाला आजोबांचं चित्र करून दिलं होतं. मुलं, सुना, सगळे म्हणाले, हुबेहूब. आजी गप्प होत्या. सहा महिन्यांनी हा त्यांच्याकडे गेला, तर आजींच्या खोलीतलं ते चित्र भिंतीकडे तोंड करून लावलेलं. तेव्हापासून ज्यांना ते माणूस आठवतं त्या सगळ्यांनी यायचं. एकेकानं आत जायचं, एकट्यानं चित्र बघायचं, 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. बाहेर येऊन एकमेकांशी बोलायचं नाही. एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही. चित्र पुसायचं, वहीतली पानं फाडायची, आणि नाही कोण म्हणालं ते विचारायचं नाही.

"मग दुसरं करून दे ना," मी त्याला म्हटलं होतं.

"नाही होत, आर्टिस्ट. एकदा चित्र बघितलं ना, की मंग मानसं आईला आठवत नाहीत. मी केलेलं चित्र आठवतात. त्याच्यातून परत आई कशी काढनार?"

आता माझ्या आईचं सांगतो.

मी नऊ वर्षांचा असताना ती गेली. तिचा एकच फोटो होता, स्टुडिओत काढलेला, विरारच्या आमच्या जुन्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर. ती भिंत ओल धरायची. कित्येक वर्षांनी बघितलं, तर फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. ताई म्हणाली, स्टुडिओवाल्याला दाखवू. मी म्हटलं, मी आर्टिस्ट आहे, मी काढतो. पाण्याचा हात लावून हळूहळू सोडवायला लागलो. लुगड्याचे काठ आले, मंगळसूत्र आलं, हनुवटीपर्यंत आलं, आणि मग बाकीचं काचेवरच राहिलं. काच पुसली गेली तेव्हा तेही गेलं.

ताई मला एक शब्द बोलली नाही. त्यानंतर वीस वर्षांत मी आईची चित्रं किती काढली, याला गणती नाही. पेन्सिल, जलरंग, एकदा मोठं तैलचित्र. प्रत्येक वेळी ताई चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "छान आहे." मग चष्मा काढायची. पुढचं ती कधी बोलली नाही, पण मला ऐकू यायचं. एकही चित्र तिनं भिंतीवर लावलं नाही.

आणि मग ताई माझ्या नकळत त्याच्याकडे गेली. मावशीला घेऊन. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आईला ओळखणारं आमच्याशिवाय उरलेलं एकमेव माणूस. चार रविवार दोघी जाऊन बसल्या. मला पाचव्या आठवड्यात कळलं, तेही ताईनं फोन करून सांगितलं म्हणून.

"त्यांनी तुलाही बोलावलंय रे. बघायला. तुझ्याशिवाय ते देणार नाहीत."

"मला काय आठवतंय? मी नऊ वर्षांचा होतो."

"तू ये बाबा," ताई म्हणाली. "मी साठीला आले. मला आता तिचा चेहरा डोळे मिटून दिसत नाही. नुसतं लुगडं दिसतं. एकदा ती भिंतीवर आली की मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागणार नाही."

चंदनसारच्या त्याच्या ऑफिसात रविवार असल्यामुळे कुणी नव्हतं. त्यानं माझ्या हातात वांगी ठेवली, कारण पहिला मी आत शिरलो होतो. आतल्या खोलीत आधी ताई गेली. पाच मिनिटांनी आली ती पदरानं तोंड दाबूनच, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग मावशी गेली. बाहेर आली, खुर्चीत बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत राहिली. मग मी.

त्यानं स्क्रीनवरचं फडकं काढलं.

आई होती. मला दुसरं काही लिहिता येत नाही. कामातून हाक मारून उठवल्यावर असायची तशी, जराशी वैतागलेली, कपाळावर घामानं चिकटलेली बट, आणि खालचा ओठ एका बाजूनं दातात धरलेला. तो ओठ! वीस वर्षं मी तिला हसवत होतो. प्रत्येक चित्रात. आई हसायची नाही, ओठ दातात धरायची, हे मला त्या क्षणाला आठवलं, आणि ते मावशीनं किंवा ताईनं त्याला सांगितलं होतं, आणि रेघ मारता न येणाऱ्या त्या माणसाला ते ऐकू आलं होतं. मला माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत आलं नव्हतं.

तो माझ्या मागे अनवाणी उभा होता.

मी त्या दोन मिनिटांत काय काय बघितलं सांगू? ताईच्या हॉलमध्ये ते चित्र. येणारा-जाणारा विचारतोय, किती जिवंत आहे हो, कुणी काढलं? ताई त्याचं नाव घेते. समोरचा म्हणतो, पण तुमचा भाऊ आर्टिस्ट ना? आणि ताई म्हणते, हो, तोही छान काढतो.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघा, आर्टिस्ट. घाई नाही."

"बघितलं. ही आई नाही."

"बरं," तो म्हणाला. खुर्चीवर बसला, दोन बोटांनी दोन-तीन कळा दाबल्या, आणि स्क्रीन पांढरी झाली. मग वही काढून एकेक पान फाडायला लागला. अकरा पानं होती. ती फाटेपर्यंत मी तिथंच उभा होतो. एवढ्या वेळात मला 'थांब' म्हणता आलं असतं.

बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "ताई, एक 'नाही' आलंय."

ताईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं सरळ मावशीकडे बघितलं. मावशीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वीच झालं होतं. "तू नाही म्हणालीस?" ताईनं विचारलं. मावशी म्हणाली, "नाही गं, मी हो म्हटलं." ताईनं हात जोडून त्याला विनवलं, पुन्हा करा, काहीही करा. तो मान खाली घालून उभा राहिला आणि नाही नाही अशी मान हलवत राहिला. मी त्याला पहिल्यांदाच इतका खजील झालेला बघत होतो.

परतताना मावशी पुढच्या वळणावर रिक्षातून उतरली. रिक्षा सुरू झाल्यावर मी ताईला म्हटलं, "जाऊ दे. तिला आता नीट दिसत नाही." हे मी म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं.

ताई तेव्हापासून मावशीकडे गेली नाही. दिवाळीला फराळाचा डबा माझ्या हाती पाठवला, स्वतः गेली नाही.

त्याची चित्रं माझ्या फोनवर येतच राहिली. यंत्राला आता हात जमतात, मोजायचं काही उरलेलं नाही, तरी तो पाठवतो. मागच्या वर्षी त्यानं मुंबईला मोठं ऑफिस घेतलं, त्या पूजेला मला बोलावलं. गर्दीतून एका बाजूला घेऊन मी त्याला विचारलं, "तुला कळलं होतं ना त्या दिवशी?"

"कोनी नाही म्हटलं ते विचारायचं नाही असा नियम आहे, आर्टिस्ट," तो म्हणाला. "मी केलाय म्हनून मला माफ आहे का?" आणि माझ्या हातात प्रसादाची पुडी देऊन दाराशी आलेल्या पाहुण्यांकडे गेला. चपला न घालता.

गेल्या महिन्यात मावशीला बघायला गेलो. ती गोधडी शिवत बसली होती. मला चहा दिला आणि पुन्हा सुई हातात घेतली.

"ताई येत नाही हल्ली," ती म्हणाली.

"कामात असते."

"तिला वाटतं, मी नाही म्हटलं." दोरा संपला होता. तिनं रिळाचा नवा दोरा तोडला. "मी तर हो म्हटलं होतं. आणि ताई कशाला नाही म्हणेल? ती आत जायच्या आधीच हो म्हणत होती."

आठवणारी माणसं तीनच होती. मी कप खाली ठेवला. "मावशी, मी..."

"मला नीट दिसत नाही रे," मावशी घाईनं म्हणाली. "ऑपरेशन काही जमलं नाही म्हणून ताईला सांग. मी काय, आज आहे उद्या नाही. तिला भाऊ एकच आहे."

आणि खिडकीकडे न वळता, चष्मा न लावता, तिनं एका फटक्यात सुईत दोरा ओवला.

घरी आल्यावर मी ताईला फोन केला, आणि मावशीनं सांगितलं होतं तसंच सांगितलं.